शेतात मारतात ते औषध नव्हे! (फळमाशीचा गंध आणि आपली फवारणी)

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एक शब्द इतका सहज वापरला जातो की कुणाच्या लक्षातही येत नाही. 'कपाशीवर औषध मारलं.' 'मिरचीला दोन औषधं एकत्र करून मारली.' 'औषधाचा डबा माळ्यावर आहे.' मी डॉक्टर आहे. औषध हा माझ्या धंद्याचा शब्द आहे, आणि तो परत मागण्यासाठी आजचा लेख लिहितो आहे. ज्याने जीव वाचतो ते औषध. ज्याने जीव जातो, मग तो अळीचा असो, माशीचा असो नाहीतर पंप पाठीवर घेतलेल्या मजुराचा, ते विष.

तुम्ही म्हणाल, शब्दावरून काय भांडता? पण शब्दामुळे सवय पडते. औषध म्हटलं की ते वेळेवर द्यायचं असतं, डोस चुकवायचा नसतो, लागू पडलं नाही तर डोस वाढवायचा असतो. फवारणीचंही अगदी तसंच झालं आहे. कीड दिसो न दिसो, दर आठ-दहा दिवसांनी पंप बाहेर निघतो. 'औषध' म्हटल्यामुळे डबा स्वयंपाकघरात ठेवला जातो, रिकामा झाला की धुऊन पाण्याला किंवा तेलाला वापरला जातो. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. त्यांच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं होतं. त्या आधीच, २००५ साली, भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला आपल्या देशात बंदी घातलेली होती.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे किडीचा नर गंधाने पकडता येतो, तिथे पहिला हात सापळ्याकडे गेला पाहिजे, पंपाकडे शेवटी. हे मी पर्यावरणावरच्या प्रेमापोटी म्हणत नाही (ते आहेच, पण तो माझा विषय नाही). मी एम.डी. मेडिसिन म्हणून म्हणतो आहे. विष आणि गंध हे दोन्ही किडीच्या शरीरात नेमकं कुठे घाव घालतात हे एकदा समजून घेतलंत, तर तुम्हीही हेच म्हणाल.

विष कुठे लागतं?

आपल्या शरीरात एक नस स्नायूला निरोप देते तेव्हा अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते. निरोप पोहोचला की ते लगेच मोडून टाकावं लागतं, नाहीतर निरोप थांबतच नाही. हे मोडायचं काम एक एन्झाइम करतं. त्याचं नाव अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं या एन्झाइमला जाऊन चिकटतात आणि ते बंद पाडतात.

मग काय होतं? तोंडाला फेस येतो, घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पोटात कळा येतात, उलटी-जुलाब होतात, अंगाचे स्नायू आतल्या आत फडफडतात. छातीत इतका स्राव साठतो की माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतो. आम्ही अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक देत राहतो आणि छातीचा आवाज ऐकत राहतो. ज्यांनी हे वॉर्डात पाहिलं आहे ते त्याला औषध म्हणणार नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. हेच एन्झाइम माशीत आहे, अळीत आहे, गाईत आहे, कोंबडीत आहे आणि तुमच्या मुलात आहे. ते बनवणारा जीन माशीचा वेगळा आणि आपला वेगळा असला, तरी दोन्ही एकाच जुन्या घराण्यातले आहेत. कुलूप इतकं सारखं आहे की एकच किल्ली दोन्हीकडे चालते. म्हणजे हे विष निवडून घाव घालतं ते नेमकं तिथे, जिथे माशी आणि माणूस सारखे आहेत. यापेक्षा वाईट निवड कोणती असू शकते?

बरं, माशी गप्प बसत नाही. जीनमध्ये एखादं अक्षर बदललं आणि एन्झाइमचा आकार किंचित फिरला, तर विष त्याला नीट चिकटत नाही. अशी माशी वाचते, तिची पिल्लं वाचतात आणि दोन-चार हंगामांत शेतात तीच उरते. आंब्यावरच्या फळमाशीत असे बदल झालेले शास्त्रज्ञांनी नोंदवले आहेत. माशीची पिढी काही आठवड्यांची असते, आपली पंचवीस वर्षांची. या शर्यतीत कोण जिंकणार हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? माशी बदलते, आपण बदलत नाही, आणि दुकानदार 'आता जरा कडक देतो' म्हणतो.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, अंगावर घाम, बॅटरीचा पंप आणि दोन-तीन विषांचं एकत्र मिश्रण. तेव्हा बातम्यांत चर्चा झाली ती हातमोजे आणि मास्कची. मी मास्कच्या विरोधात नाही. पण ऑक्टोबर हीटमध्ये रबराचा अंगरखा घालून चार एकर फवारून दाखवा, मग बोलू. शिवाय आपल्याकडे ज्याची कपाशी त्याच्याच पाठीवर पंप असतो असं नाही. पंप असतो रोजंदारीवर आलेल्या पोराच्या पाठीवर. तो नोझल तोंडाने फुंकून साफ करतो, मधेच बांधावर बसून त्याच हाताने तंबाखू मळतो, आणि संध्याकाळी त्याचा शर्ट त्याची बायको हाताने धुते. ती माझ्याकडे चक्कर आणि मळमळ घेऊन येते तेव्हा तिला वाटतं अशक्तपणा आहे, सलाईन लावा.

आता माशीच्या गंधाकडे

जीन म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात समजावायला फार वेळ लागत नाही. सिकलसेलचं कार्ड घरोघरी माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एका अक्षराचा बदल, आणि रक्तपेशीचा आकार विळ्यासारखा. एका जीनचं एक काम, आणि तो बदलला की अख्ख्या शरीरावर परिणाम, हे आपण फार महागात शिकलो आहोत. आता हीच नजर माशीकडे वळवा.

आधी एक घोटाळा दूर करतो. पिकलेल्या केळ्यावर जी बारीक लालसर डोळ्यांची चिलटं घोंगावतात ती ड्रोसोफिला. तिलाही पुस्तकात फळमाशी म्हणतात. आंबा, पेरू, दोडका, कारलं यांत अंडी घालून आत अळ्या पाडते ती खरी नुकसान करणारी फळमाशी. ती घरमाशीएवढी, पिवळ्या पट्ट्यांची, कमरेला गांधीलमाशीसारखी दिसते. पहिली प्रयोगशाळेची लाडकी, दुसरी बागेची वैरीण. पहिलीवर शंभर वर्षं संशोधन झालं म्हणून तिच्याबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त माहीत आहे. त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात गंध नीट न ओळखणाऱ्या माश्या शोधून काढल्या आणि त्यावरून वास घेण्यात कोणते जीन लागतात याचा माग काढला.

ड्रोसोफिलाच्या मादीच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो. तो मुळात अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. पण त्यातच निसर्गाने निरोप लिहून ठेवला आहे. त्या थरात ७,११-हेप्टाकोसाडाईन नावाचा पदार्थ असतो. नर जवळ येतो, पायाने तिला स्पर्श करतो, ही चव त्याला लागते आणि तो पंख थरथरवून तिच्यासमोर गाणं सुरू करतो. नराच्या अंगावर मात्र दुसराच पदार्थ असतो, ७-ट्रायकोसीन. त्याचा अर्थ 'मी नर आहे, माझ्या मागे लागू नकोस.'

हे पदार्थ पोटाच्या त्वचेखालच्या इनोसाइट नावाच्या पेशींत तयार होतात. कच्चा माल म्हणजे साधी चरबीची आम्लं. डीसॅट-१ नावाचा जीन त्यात एक दुहेरी बंध घालतो, आणि हे काम नर-मादी दोघांतही चालतं. मग फक्त मादीत डीसॅट-एफ नावाचा दुसरा जीन सुरू होतो आणि आणखी एक दुहेरी बंध घालतो. ईलो-एफ नावाचा तिसरा जीन साखळी लांब करतो. झाला मादीचा गंध तयार. सगळी यंत्रणा दोघांकडे असू शकते, पण कुठलं बटण कुणात दाबायचं हे ट्रान्सफॉर्मर आणि डबलसेक्स या नावाचे लिंग ठरवणारे जीन सांगतात. १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी नर माशीच्या फक्त या पेशींत मादीचं ट्रान्सफॉर्मर बटण दाबलं. बाकी सगळा नर, पण अंगाला मादीचा गंध. दुसरे नर त्याच्यामागे लागले!

पुढचा प्रयोग मला त्याहून आवडतो. २००९ साली माद्यांच्या इनोसाइट पेशीच नष्ट केल्या. अंगावर गंधच नाही. तेव्हा एरवी ढुंकून न बघणारे दुसऱ्या प्रजातीचे नरही तिच्याशी प्रियाराधन करू लागले. मग त्या मादीच्या अंगाला तो एकच पदार्थ, ७,११-हेप्टाकोसाडाईन, बाहेरून लावला. परक्या प्रजातीचे नर पुन्हा दूर झाले. म्हणजे एका प्रजातीची दारं दुसरीला बंद ठेवणारी कडी या एका रेणूत होती.

लक्षात आलं का? विष लागतं ते सगळ्या जिवांत सारख्या असलेल्या ठिकाणी. गंध लागतो तो फक्त एका प्रजातीच्या, तेही फक्त नराच्या ठिकाणी. डीसॅट-एफचा आदेश मधमाशीला कळत नाही, कोंबडीला कळत नाही, तुमच्या गड्याला कळत नाही. माझ्या मते संपूर्ण कीटकशास्त्रात डॉक्टरला सगळ्यात आवडावं असं हेच ज्ञान आहे.

(स्वीडनमध्ये अल्नार्पच्या कृषी विद्यापीठात असं दिसलं की ड्रोसोफिला मादी हवेतून पसरणारा आणखी एक गंधही सोडते, आणि वाइनच्या प्याल्यात एक मादी पडून गेली तर चव घेणाऱ्या तज्ज्ञांना तो वास ओळखू येतो. एक ग्रॅमचा अब्जावा भाग पुरतो. सरबतात माशी पडली तर ती काढून तसंच पिणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

बागेतल्या फळमाशीची गंमत वेगळीच आहे. तिचा नर आपला गंध तयार करायला बाहेरून कच्चा माल आणतो. काही फुलांत मिथिल युजेनॉल असतं, आपल्या तुळशीतही असतं. नर ते चाटतो, पोटात त्याचं रूपांतर करतो, गुदाजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि तिन्हीसांजेला मादीसमोर सोडतो. ज्याने ते खाल्लं तो मादीला जास्त आवडतो. म्हणून मिथिल युजेनॉलचा वास आला की नर अक्षरशः वेडा होतो. हा शोधसुद्धा आपल्याच देशात लागला. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संस्थेत हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली गवती तेलाकडे फळमाशीचे फक्त नर येतात हे नोंदवलं आणि १९१५ पर्यंत त्यामागचं मिथिल युजेनॉल शोधलं. म्हणजे तुमच्या आंब्यावर टांगायचा तो सापळा परदेशी फॅड नाही, त्याचं मूळ शंभर वर्षं जुनं आणि इथलंच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर चालतो. दोडका-कारल्यावरच्या माशीला मात्र मिथिल युजेनॉल कळत नाही, तिला क्यू-ल्यूर लागतं. दुकानातून आणताना पीक सांगा, नुसता 'माशीचा सापळा द्या' म्हणू नका.

आणि कपाशी. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाची मादी दोन रेणूंचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण सोडते. त्याला गॉसिप्लूर म्हणतात, १९७३ साली ते ओळखलं गेलं. तिथेही काम तेच: चरबीच्या आम्लात नेमक्या जागी दुहेरी बंध घालणारे डीसॅच्युरेज घराण्यातले जीन. मिश्रणाचं प्रमाण बदललं की नराला ती आपली वाटेनाशी होते. कामगंध सापळ्यातल्या रबराच्या त्या लहानशा गोळीत हेच मिश्रण भरलेलं असतं.

'पण डॉक्टर, सापळ्याने काय होतं?'

हा प्रश्न मला ओपीडीत हमखास येतो, आणि विचारणारा रागाने नाही तर खऱ्या शंकेने विचारतो. म्हणून त्याला खरं उत्तर देतो.

'सापळ्यात नर मरतो, अंडी तर मादी घालते.' बरोबर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे दहातले पाच नर पकडून फार काही साधत नाही. नर जवळजवळ संपवावे लागतात. ते शक्य आहे का? पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात मिथिल युजेनॉल आणि थोडं विष लावलेले तुकडे टाकून ही फळमाशी संपवली. जपानने ओकिनावासकट आपल्या सगळ्या दक्षिण बेटांवरून १९८६ पर्यंत तिला घालवलं. बेटांना समुद्राचं कुंपण असतं, आपल्याला नाही, हे मान्य. म्हणून एकट्याने एक सापळा टांगून काही होत नाही, उलट शेजारच्या बागेतले नर तुमच्याकडे येतात. गावाने मिळून, शिवारभर लावले पाहिजेत. आंब्यासाठी साधारण हेक्टरी दहा सापळे सांगतात. आमच्या अक्राणी-तोरणमाळ भागात आमचूरासाठी आंबा गोळा करणाऱ्या बायकांनी हे गटाने केलं तर कुणालाही पंप उचलावा लागणार नाही, कारण मुळात त्या झाडांवर कुणी फवारतच नाही. खालच्या बागांत फवारतात, प्रश्न तिथला आहे.

'फवारणीने निदान डोळ्यांसमोर मरताना दिसतं.' दिसतं काय मरताना? फळमाशीची अळी फळाच्या गरात असते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते आणि मागचं छिद्र बंद होऊन जातं. डोमकळी दिसली म्हणजे ती आत आहे. बाहेरून मारलेलं विष तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तुमच्या त्वचेपर्यंत मात्र पोहोचतं. विष मरताना दिसणाऱ्या दहा निरुपद्रवी किड्यांना मारतं आणि न दिसणाऱ्या अळीला सोडतं. आणि आपण समाधानाने घरी येतो.

'बीटी बियाणं घेतलं आहे, काळजी नाही.' २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा तसं वाटलं होतं. २०१० मध्ये शेजारच्या गुजरातमधल्या चार जिल्ह्यांत बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नाही हे जाहीर झालं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसऱ्या बीटीलाही जुमानेनाशी झाली. किडीला कुठे सीमा कळते? तिकडून इकडे यायला तापी ओलांडायचीही गरज नाही. पुन्हा तेच: एकाच जीनवर सतत दाब टाकला की कीड जीन बदलते.

मग गंधालाही कीड सरावणार नाही का? हा प्रश्न मला एका बी.एस्सी. झालेल्या तरुण शेतकऱ्याने विचारला आणि मला फार बरं वाटलं. होय, होऊ शकतं. जपानच्या चहाच्या मळ्यात एका पतंगावर वर्षानुवर्षं मिश्रणातला एकच रेणू वापरून मीलनात अडथळा आणत होते, तर शेवटी पतंग त्यालाही सरावला. पूर्ण मिश्रण वापरल्यावर पुन्हा गुण आला. पण इथे एक फरक आहे. विषाला सरावायला किडीला एकच एन्झाइम बदलावं लागतं. गंधाच्या बाबतीत मादीचा निरोप आणि नराचं नाक हे दोन्ही एकत्र बदलावे लागतात, नाहीतर ती मादी तशीच राहते. ते अवघड आहे, म्हणून उशीर लागतो. अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं २०१८ साली जाहीर केलं, तेही एका उपायाने नाही: बीटी, वांझ केलेले पतंग, गंध आणि पिकाचे अवशेष वेळेवर गाडणं, हे सगळं एकत्र.

आपल्याकडे तेवढं नाही, पण जे आहे ते तरी वापरा. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावले तर निदान कीड कधी आली हे कळतं. सलग तीन रात्री सापळ्यात प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच फवारणीचा विचार करायचा. नाहीतर नाही. हा आकडा मोजायला पाच मिनिटं लागतात. आम्ही ताप मोजल्याशिवाय अँटिबायोटिक दिलं तर तुम्ही आम्हाला नावं ठेवता ना? मग पतंग मोजल्याशिवाय पंप का? आणि डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका. फरदडीचे चार पैसे म्हणजे पुढच्या वर्षीच्या पतंगांना दिलेलं घरभाडं.

सापळा सगळ्यावर चालतो असं कुणी सांगितलं तर तेही खोटं. मिरचीवरचे फुलकिडे, पपईवर विषाणू पसरवणारा मावा यांना कामगंध सापळ्याशी देणंघेणं नाही. तिथे पिवळे-निळे चिकट सापळे, रोगट झाडं उपटणं, आणि खरोखर गरज पडली तर निवडक रसायन. कोणत्या पिकाला काय, हे कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. ज्याच्या गल्ल्यात तुमच्या फवारणीचे पैसे जातात त्याच्या सल्ल्यावर विसंबू नका. माझी तक्रार सगळ्या कृषी केंद्रवाल्यांबद्दल नाही. पण एका दुकानातून 'हे तिन्ही एकत्र टाका, एकदम साफ' असं चिठ्ठीवर लिहून दिलेलं मी रुग्णाच्या खिशात पाहिलं आहे. त्या चिठ्ठीवर सही नव्हती. मी तसं प्रिस्क्रिप्शन दिलं तर माझी नोंदणी जाईल.

जाता जाता, तरुण मुलांसाठी. ऑनलाइन 'फेरोमोन परफ्यूम' मिळतो, बाजारात कुणी मोहिनीची मुळी विकतो, आणि दोन्हीचा दावा एकच. माणसात असा कुठलाही कामगंधाचा रेणू आजवर सिद्ध झालेला नाही. इतर अनेक प्राण्यांच्या नाकात असे निरोप ओळखणारा वेगळा अवयव असतो. आपल्यात त्याचा अवशेष उरला आहे, आणि त्याला लागणारा टीआरपीसी-२ नावाचा जीन आपल्या पूर्वजांत फार पूर्वीच बंद पडला आहे. ते पैसे आंघोळीच्या साबणाला घाला, जास्त गुण येईल.

सापळा निवडलात तरी काही काळजी घ्यायचीच आहे. मिथिल युजेनॉल जास्त प्रमाणात प्राण्यांना देऊन पाहिलं तेव्हा यकृताचा कॅन्सर दिसला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२३ साली त्याला 'माणसात कॅन्सर होण्याची बरीच शक्यता' असलेल्या गटात टाकलं. त्यामुळे घाबरू नका, पण आमिषाचा तुकडा हातमोजे घालून भरा, घरात उघडा ठेवू नका. शिवाय फळमाशीच्या सापळ्यातल्या त्या लाकडाच्या ठोकळ्यात बहुतेक वेळा मॅलॅथिऑनही मिसळलेलं असतं. म्हणजे विष तिथेही आहे. फरक एवढाच की ते डबीत बंद आहे, फळावर नाही आणि तुमच्या फुप्फुसातही नाही. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर टांगा, आणि जुना ठोकळा चुलीत टाकू नका.

आणि फवारावंच लागलं तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्याला हात लावण्याआधी दुसरा पर्याय विचारा. दोन विषं स्वतःच्या मनाने मिसळू नका. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका. नोझल तोंडाने फुंकू नका, तार किंवा जुना ब्रश वापरा. संध्याकाळी कपडे वेगळे भिजवा आणि ते धुणाऱ्या घरच्या बाईला हातमोजे द्या.

फवारताना कुणाला डोकं जड वाटलं, अंधारी आली, लाळ-घाम सुटला, बाहुल्या बारीक झाल्या, तर 'ऊन लागलं' म्हणून सावलीत झोपवून ठेवू नका. शेताबाहेर काढा. कपडे लगेच उतरवा, अंग आणि केस साबणाच्या भरपूर पाण्याने धुवा. तुम्ही स्वतः हातात काहीतरी घालून धुवा, विष तुमच्याही कातडीतून जातं. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. गुंगीत असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. अ‍ॅट्रोपिन तिथे असतं, आधी भगताकडे जाऊन वेळ घालवू नका. आणि येताना विषाचा डबा सोबत आणा, रिकामा असला तरी आणा. 'कुठलं मारलं होतं?' असं आम्ही विचारलं की निम्म्या वेळा नातेवाईक सांगतात, 'ते पांढऱ्या डब्यातलं औषध.' त्या उत्तरावरून मला उपचार ठरवता येत नाहीत, लेबल वाचून ठरवता येतात.